सात नंबरचं टेबल

मांजरी बुद्रुक, पुणे
१२ डिसेंबर १९९९

आदरणीय नीरजा मॅडम यांना,

मैनाचा नमस्कार. आम्ही सगळे मजेत आहोत, असं पहिल्या ओळीत लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. तुमची बदली झाली त्या चेन्नईला थंडी नसते म्हणे. इथे सकाळी उसाच्या फडावरून असं वारं येतं की कंपनीची बस येईस्तोवर नाक लाल होतं.

तुमचा पत्ता तुमच्या आईंकडून आणला. मंडईमागच्या घरी गेले होते, शेतातली मेथी घेऊन. दोनदा बेल वाजवली तर दार उघडून म्हणाल्या, "एकदा वाजवली तरी चालते. आम्ही बहिरे नाही." मेथी बघून म्हणाल्या, "निवडून आणली असती तर जास्त आनंद झाला असता." पण मग बसवून चहा दिला, पोहे दिले, आणि तुम्ही पत्र पाठवत नाही म्हणून माझ्यावर रागावल्या. आता तुम्ही त्यांना पत्र लिहा, म्हणजे पुढच्या वेळी माझी सुटका होईल.

आनंदाची बातमी आधी सांगते. मालातले दोष शोधणाऱ्या आपल्या क्वालिटी सर्कलचा सगळ्या कंपनीत पहिला नंबर आला. मोठ्या साहेबांनी ढाल दिली, फोटो काढला, बुंदीचे लाडू वाटले. आठही जणी फोटोत आहेत. तुम्ही असायला हव्या होतात, कारण "का" विचारायला तुम्हीच शिकवलंत. पहिल्या दिवशी फळ्यावर माशाचा काटा काढलात आणि म्हणालात, प्रत्येक काट्यावर एक कारण लिहायचं. तेव्हा आपली लीडर विजयमाला म्हणाली होती, "मॅडम, तुमच्या घरी मासा कधी ताटात आला हुता का? काटे उलटे काढल्यात!" किती हसला होतात तुम्ही. मग तुम्ही तो मासा पुसलात आणि ओळीने पाच चौकोन काढलेत. एकेका चौकोनात एकेक "का". आणि नियम सांगितलात, कुठल्याही चौकोनात माणसाचं नाव आलं की फळा पुसायचा आणि परत विचारायचं. कारणाला नाव नसतं, कारणाला जागा असते, हे तुमचं वाक्य कॅन्टीनच्या भिंतीवर रंगवून घेतलंय. पेंटरला "जागा" लिहिताना जागा पुरली नाही म्हणून शेवटचा काना खाली लोंबतोय.

तर झालं असं. आपण बनवलेल्या वायरींचा माल गठ्ठ्यांनी परत यायला लागला. स्कूटर चालता चालता दिवे जायचे. वायरीचं टोक कपलरच्या प्लास्टिकच्या डबीत पुरतं बसत नव्हतं. आम्ही तपासायला बसलो. का बसत नाही? अर्धंच ढकललं जातं. का? बसवणारीला वाटतं बसलं. का वाटतं? टक्क असा आवाज आला की बसलं, हे आपण शिकवलंय, पण तिला आवाज आला की नाही ते कोण बघतंय. वरून ओढून बघितलं तरी अर्धी बसलेली वायर हलक्या हाताला धरून राहते. सगळा खराब माल सात नंबरच्या टेबलावरचा निघाला.

मग विजयमालानं जेवणाच्या सुट्टीत खेळ काढला. सगळ्या जणी भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिलो, ती मागून येऊन कानाजवळ कपलर टक्क करायची, ऐकू आलं की हात वर. एका बाईंच्या डाव्या कानाशी तिनं तीनदा केलं, चारदा केलं. हात नाही. आम्हाला वाटलं चेष्टा करतायत, म्हणून आम्ही हसलो. आम्ही हसलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

मॅडम, मला त्यानंतर हसू आलेलं नाही.

त्या बाईंचं नाव लिहीत नाही, तुमचाच नियम. टेबलं तुम्ही गेल्यावर बदलली, तेव्हा अंदाज बांधत बसू नका. त्यांना डाव्या कानानं काहीच येत नाही. उजवा चांगला आहे, पण सात नंबरच्या उजव्या अंगाला वायर कापायचं मशीन आहे, त्याच्या खडखडाटात उजव्यालाही काही येत नाही. म्हणजे कारण जागेतच सापडलं, तुम्ही म्हणालात तस्सं! आम्ही चौथ्या चौकोनात "टेबल मशीनशेजारी" असं लिहिलं आणि उपाय लिहिला, टेबलांची अदलाबदल. काही खर्च नाही, काही नाही. पाचवा चौकोन रिकामा राहिला, म्हटलं राहू दे.

आपले मॅनेजर माधव सर, त्यांनी तो फळा बक्षिसाच्या कार्यक्रमाआधी नीटनेटका करून घेतला. त्यांनी चौथ्यात लिहिलं, "कामगारांची ऐकण्याची तपासणी होत नाही." उपाय, सगळ्यांची कानतपासणी. स्कूटर बनवणारे गिऱ्हाईक बघायला येणार, त्यांना असं पक्कं काम आवडतं म्हणे. मी म्हटलं, "सर, टेबल हलवलं की झालं की." ते म्हणाले, "मैना, आज टेबल हलवशील, उद्या दुसरीकडे मशीन येईल. मूळ काढायचं असतं." हे पण तुमचंच वाक्य.

कार्यक्रमात मोठे साहेब तो फळा माइकवर वाचत होते आणि सगळे टाळ्या वाजवत होते. त्या बाई पुढच्या रांगेत होत्या, आमच्यातल्याच ना. उजव्या अंगाला टाळ्यांचा कडकडाट, त्यांना माइकचं काही कळलं नाही. आमचे हात बघून त्यांनीही टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत जोरात.

तुम्ही सरांना एक पत्र टाकाल का? तुमचा शब्द ते मानतात. तपासणीत त्या बाई नापास होणार आणि मग त्यांना घरी बसवणार. त्यांना त्या टेबलाशिवाय दुसरं काही नाही, हे मी खात्रीनं सांगते. तुम्ही म्हणाल, मैनाला त्या बाईंचा एवढा पुळका का? आहे. एवढंच समजा.

लवकर लिहा. लाडू चांगले नव्हते, माझा मी पुडीत बांधून घरी आणला.

आपली विद्यार्थिनी,
मैना


मांजरी बुद्रुक
९ जानेवारी २०००

आदरणीय मॅडम,

तुमचं पत्र आलं. तुम्ही ताबडतोब सरांना लिहिलंत, तुमचे उपकार आहेत. पण सरांच्या टेबलावर तुमचं पत्र आणि गेटवर तपासणीची गाडी एकाच आठवड्यात आली, आणि गाडी आधी आली.

गाडीत एक डॉक्टर आणि पेटीसारखी खोली होती. कानाला हेडफोन लावायचे, आवाज आला की बटण दाबायचं. नर्सबाई काचेतून बघत होत्या. सात नंबरच्या बाई नर्सबाईंच्या तोंडाकडे बघून बटण दाबत होत्या. नर्सबाईंनी मग पाठ फिरवायला लावली. झालं. त्यांच्याबरोबर पॅकिंगच्या सोजरबाईंनाही काढलं. त्या खोक्यांना चिकटपट्टी लावतात, मॅडम. खोकं काय कानात बोलतं का त्यांच्या? माधव सर खाली बघून म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा." माणूस वाईट नाही. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मला त्या पाण्याचा जास्त राग आला.

आता लपवण्यात अर्थ नाही. सात नंबरच्या बाई म्हणजे शकू. माझी थोरली जाऊ. तुम्हाला आठवेल, वर्गात पहिल्या बाकावर बसायची, तुम्ही काही म्हणालात की मान डोलवायची. तुम्ही मला म्हणाला होतात, "मैना, तुझी जाऊ किती लक्ष देऊन ऐकते!"

एका चुलीवर इतकी वर्षं भाकरी भाजल्या आम्ही, आणि मला कळलं नाही. आमच्या घरात ती गरीब गाय. सासूबाई चारचौघींत सांगतात, "माझी थोरली कधी उलट बोलली न्हाई," आणि लगेच माझ्याकडे बघतात. मला वाटायचं, एवढं कसं सोसते ही? सोसत नव्हती. तिला अर्धं ऐकूच येत नव्हतं. बाई शांत असली की आम्ही तिला शहाणी म्हणतो, तपासून कोण बघतं?

घरात ती अशी होती. पण बस नाक्यावरून निघाली की तिचा पदर डोक्यावरून खांद्यावर यायचा. कंपनीत ती गाणी म्हणायची, थोडी बेसूर, आता कळलं का ते. विजयमालाच्या डब्यातलं लोणचं चोरायची. पहिल्या पगाराची चप्पल घेतली होती, ती घरी कधी घातली नाही, फडक्यात बांधून लॉकरमध्ये ठेवायची. ते टेबल म्हणजे दिवसातले एवढे तास मच्छिंद्रभावजींच्या, तिच्या नवऱ्याच्या, नजरेआड. म्हणून पुळका होता, मॅडम.

तुम्ही पत्रात लिहिलंत, "माणूस हे मूळ कारण कधीच नसतं. थांबू नका, अजून पुढे विचारा." मी विचारलं. कंपनीत विचारायला जागा राहिली नव्हती, म्हणून घरात विचारलं.

गेल्या रविवारी सगळे जेवायला बसले होते. शकूअक्का भाकरी थापत होती. मी भावजींना म्हटलं, "भावजी, अक्काचा डावा कान कशानं गेला?"

सासूबाई म्हणाल्या, "जेवताना कशाला गं नको ते?"

"गाडीतले डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय, जुनी जखम हाय. कशानं झाली?"

"माझ्या हातून," भावजी म्हणाले. मीठ मागावं तसं. "एकदा दिली हुती ठेवून."

"का?"

आमच्या ह्यांनी मान खाली घालून ताटातला कांदा बोटांनी चिरडला. माझा नवरा कांद्यावर फार शूर आहे.

"उलट बोलली," भावजी म्हणाले.

"का बोलली?"

तेव्हा सासूबाईंनीच सांगितलं, कौतुकाची गोष्ट सांगावी तशी. लग्नानंतरचा पहिला अधिक महिना. शकूचे वडील जावयाचं वाण घेऊन आले होते, अनारसे आणि स्टीलचं ताट. भावजी ओट्यावर बसून पुटपुटले, भिकाऱ्यानं निदान चांदीची वाटी तरी आणायची. पुटपुटले हो, शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये असं. शकू आत चुलीपाशी होती. तिथून उठून बाहेर आली आणि म्हणाली, "माझ्या बापाला जमलं ते आणलं. नको आसंल तर ताट परत द्या, माणूस कशाला हिणवता?" बापाच्या समोर तिच्या कानाखाली बसली.

"आन एवढं हळू बोललो हुतो मी," भावजी म्हणाले. "हिला आत कसं ऐकू गेलं, ते मला आजपत्तुर कळलं न्हाई."

मॅडम, हा पाचवा चौकोन. तिला ऐकू का येत नाही? तिला ऐकू आलं म्हणून. लिहा आता भिंतीवर.

दुपारी भांडी घासताना मी तिच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. आता मला बाजू कळते. म्हटलं, "अक्का, हडपसरला कानाचे डॉक्टर हायत, दाखवू." ती म्हणाली, "नगं. बरा हाय तसाच. रात्री उजवा कान उशीत घालते आन डावा वर ठेवते. मग कोन काय बी बोलू दे." आणि हसली. मग म्हणाली, "पर तू कशाला इचारलंस गं? ऐकून घ्यायचं आसतं. इचारायचं नसतं."

मी तिला म्हटलं, आमच्या मॅडमनी सांगितलंय, विचारायचं.

आपली,
मैना


मांजरी बुद्रुक
२७ फेब्रुवारी २०००

मॅडम,

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. उत्तर लिहायला उशीर झाला. तुम्हाला वाईट वाटलं, तुम्ही रडलात, हे लिहिलंत. बरं केलंत लिहिलंत. पण आता सरांना परत लिहू नका, उपयोग नाही.

कंपनीचं आधी सांगते. कानतपासणी आता सगळ्या प्लांटना लागू झाली. चेन्नईलाही कागद आला असेल, खाली आमच्या सर्कलचं नाव असेल, बघा. ढाल गेटजवळच्या कपाटात ठेवलीय, मागे आमचा फोटो. फोटोत शकू मधोमध आहे, दात दिसतील एवढी हसलीय. रोज आत जाताना दिसते.

आणखी एक. गेल्या आठवड्यात नवीन यंत्रं आली, जागा पुरेना, म्हणून वायर कापायचं मशीन शेडच्या पार मागे नेलं. आपलं आपणच नेलं, कुणी काही विचारलं नाही, फळा नाही, चौकोन नाही. सात नंबरला आता टाचणी पडली तरी ऐकू येते. विजयमालानं मला त्या टेबलावर बसवलंय. म्हणाली, "तुझे कान तिखट हायत." टक्क, टक्क, टक्क. दिवसभर मी ऐकते. एकही माल परत येत नाही, सर खूश आहेत. ते म्हणतात, नवीन मुलींना "का" शिकवायचं काम तू घे, नीरजा मॅडमच्या जागी. मी हो म्हटलेलं नाही.

घरचं लिहायचं नव्हतं. पण तुम्ही प्रत्येक पत्रात विचारता, शकू कशी आहे.

त्या रविवारनंतर भावजी घरात कुणाशी बोलेनात. मला वाटलं, लाजले. मूर्ख मी. धाकट्या भावाच्या बायकोनं जेवताना, सगळ्यांसमोर जाब विचारला, ही गोष्ट शेजारी कळली, तिथून गावात गेली, चहाच्या टपरीवर कुणीतरी त्यांना विचारलं, "काय मच्छिंद्र, घरात आता हाटकत्यात म्हनं तुला?" मला हात लावायची सोय नाही, मध्ये आमचे हे आहेत, निदान नावाला. मग कुणावर निघायचा तो राग? "तूच शिकवलंस हिला, कंपनीत जाऊन शिकलात दोघी," असं अक्काला म्हणत होते. मी गोठ्याकडे होते. आत धावले तोवर झालं होतं.

हडपसरच्या डॉक्टरांकडे मी तिला ओढत नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? ती म्हणाली, न्हाणीत पाय घसरला. मी तोंड उघडलं, तर तिनं टेबलाखाली माझा हात असा दाबला की नखं रुतली. मी म्हटलं पोलिसांत जाऊ, ती म्हणाली, "आन परत कुठं येऊ?" बाप गेला, भाऊ दारात उभं करत नाही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो मी आता शेजारी बसून बघते. डॉक्टरांनी थेंब दिले. सूज उतरेल म्हणाले. बाकीचं सांगता येत नाही म्हणाले.

सूज उतरली.

काल सकाळी बसची वेळ झाली होती. ती अजून माझा डबा भरून देते, स्वतःचा भरत होती तसाच, दोन भाकरी आणि वर मिरचीचा गोळा. ती चुलीपाशी पाठमोरी होती. मी उजव्या बाजूला गेले, सवयीनं, आणि हाक मारली, "अक्का, डबा." वळली नाही. परत मारली. परत मारली. मग मी तिच्या समोर जाऊन उभी राहिले. तिनं माझ्या ओठांकडे बघितलं आणि मान डोलवली. तुमच्या वर्गात डोलवायची तशी, फार लक्ष देऊन.

सासूबाई म्हणाल्या, "आता कसं घर घरासारखं झालं. थोरलीचा आवाज म्हनून न्हाई."

हात भावजींचा होता, हे मला कळतं, मी दूधखुळी नाही. त्यांना जाब विचारायला घरात, गावात कुणी नाही. पण हा दुसरा कान का गेला, हे शोधायला मला पाच चौकोन लागत नाहीत. एकच पुरतो. मी विचारलं म्हणून गेला.

चौकोनात माणसाचं नाव आलं तर फळा पुसायचा, असं तुम्ही शिकवलंत. या वेळी नाव माझं आहे, मॅडम, आणि मी पुसणार नाही. तुम्ही चांगल्या आहात. तुम्हाला कुणी कानाखाली मारलं नसेल, म्हणून तुम्हाला वाटलं की विचारलं की सापडतं आणि सापडलं की निघतं. तुमच्यावर राग नाही. होता, गेला.

तुमच्या आईंना भेटून येईन, मेथी निवडून नेईन. मला मात्र यापुढे पत्र पाठवू नका. पत्र आलं की अक्का दारातून धावत आणून देते, माझ्या तोंडाकडे बघत उभी राहते, आणि मॅडमनी काय विचारलंय ते मला तिला सांगता येत नाही.

सात नंबरच्या टेबलावरून,
मैना